पिशवी कशाची, यापेक्षा ती किती वेळा वापरली ते मोजा

प्रति,
मा. संपादक,

विषय : कापडी पिशव्यांचे वाटप आणि पर्यावरण

महोदय,

बाजारहाटासाठी पिशवी कापडाची असावी की प्लास्टिकची, यावर आपल्या वाचकपत्रांत सध्या दोन टोकांची मते वाचायला मिळत आहेत. एका पत्रलेखकांच्या मते घरोघरी कापडी पिशव्या वाटल्या की प्रश्न सुटेल. दुसऱ्यांनी डेन्मार्कमधील अभ्यासाचा दाखला देऊन, सुती पिशवी हजारो वेळा वापरावी लागत असेल तर प्लास्टिकच बरे, असा निष्कर्ष काढला आहे. मी इचलकरंजीत चौतीस वर्षे कापडाच्या धंद्यात काढली, आधी मागावर आणि पुढे प्रोसेसमध्ये, म्हणजे कापड धुण्या-रंगवण्याच्या कामात. त्या अनुभवावरून मला दोन्ही मते अर्धवट वाटतात.

प्रथम डेन्मार्कच्या अभ्यासाविषयी, कारण त्यातला एकच आकडा उचलून तो सगळीकडे फिरवला जातो. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात साधी सुती पिशवी ७,१०० वेळा आणि सेंद्रिय कापसाची पिशवी २०,००० वेळा वापरली, तरच ती तेथील दुकानांतल्या प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते, असे म्हटले आहे. आठवड्यातून दोनदा मंडईत जाणाऱ्या माणसाला ७,१०० फेऱ्यांसाठी अडुसष्ट वर्षे लागतील, तेव्हा हा आकडा वाचून कोणीही हबकेल. मात्र तो निघतो कसा, हे पाहिले पाहिजे. हवामानबदल, पाण्याचा वापर, ओझोनच्या थराची हानी अशा अनेक निकषांवर प्रत्येक पिशवी तपासली आणि जो निकष तिला सर्वांत प्रतिकूल ठरला त्यावरून हा आकडा काढला. सुती पिशवीच्या बाबतीत तो निकष ओझोनचा होता. केवळ हवामानबदलाचा विचार केला, तर त्याच अभ्यासात साध्या सुती पिशवीचा आकडा ५२ आहे आणि ५२ फेऱ्या सहा महिन्यांत होतात. सेंद्रिय पिशवी नमुन्याला आकाराने लहान मिळाली, म्हणून एका मोठ्या पिशवीच्या जागी दोन धरल्या आणि आकडा फुगला, हेही दाखला देणारे सांगत नाहीत.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. या अभ्यासात प्लास्टिकची पिशवी घरी नेल्यावर कचऱ्याच्या डब्याला लावली जाते, नंतर ती भट्टीत जाळून त्यापासून ऊर्जा मिळते, असे गृहीत धरले आहे. उघड्यावर पडणाऱ्या पिशव्यांचा परिणाम डेन्मार्कपुरता नगण्य मानून हिशेबातून वगळला आहे. डेन्मार्कसाठी ते योग्यच असेल. आपल्याकडची भाजीवाल्याची पातळ पिशवी मात्र घरी आल्यावर तासाभरात उकिरड्यावर, गटारात किंवा गाईच्या पोटात जाते. तिचे वजन इतके कमी असते, की कचरा वेचणारी बाईसुद्धा तिच्यासाठी वाकत नाही, कारण किलोभर भरायला शेकडो पिशव्या गोळा कराव्या लागतात आणि हाती येतात ते चार पैसे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढ्या पावसात मुंबई तुंबलीच असती, तरीही नाल्यांच्या तोंडाशी अडकलेल्या पिशव्यांनी त्यात भर घातली आणि राज्यात पातळ पिशव्यांवरचे निर्बंध त्यानंतरच कडक झाले. बांगलादेशाने २००२ मध्ये जगात सर्वांत आधी अशा पिशव्यांवर देशभर बंदी घातली, तीही पुरात तुंबलेल्या गटारांच्या अनुभवावरूनच. हा तोटा ज्या हिशेबात धरलेलाच नाही, त्याच्या आधाराने आपल्याकडे प्लास्टिकची वकिली करणे बरोबर नाही.

आता कापडाविषयी. ज्याने आयुष्यभर कापड विणले आणि धुतले, त्याने कापड म्हणजे निसर्गाची देणगी असल्यासारखे बोलू नये, असे माझे मत आहे. साधा मांजरपाट घ्या. कपाशी पिकवायला रान लागते, खत लागते आणि सर्वांत जास्त लागते ती फवारणी. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलो नसू. विदर्भातली कपाशी बहुतांशी कोरडवाहू असल्यामुळे परदेशी अभ्यासांतले सिंचनाचे आकडे तिला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, हे तिच्या बाजूने मान्य केले पाहिजे. पुढे सरकी वेगळी करणारे जिनिंग, सूतकताई, सुताला कांजी देणारे सायझिंग, मग माग. येथपर्यंत खर्च होतो तो मुख्यतः विजेचा आणि कोळशाचा. खरी घाण त्यानंतर सुरू होते. कांजी काढायची, कॉस्टिक सोड्यात उकळायचे, ब्लीच करायचे, रंगवायचे, छापायचे आणि प्रत्येक टप्प्यावर धुवायचे. ते पाणी कोणत्या रंगाचे असते, हे मी रोज पाहिले आहे. आमच्या गावाचे सांडपाणी पंचगंगेला मिळते, पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, आणि मधल्या शिरोळ तालुक्यातली माणसे नदीच्या प्रदूषणाविरुद्ध वर्षानुवर्षे आवाज उठवत आली आहेत. कोरा, न रंगवलेला मांजरपाट वापरला, तर या घाणीतला मोठा भाग टळतो. पण भेट द्यायच्या पिशवीवर संस्थेचे नाव ठसठशीत उमटावे म्हणून कापड आधी पांढरेशुभ्र करून घेतात, आणि तिथेच त्या पिशवीचे पर्यावरण संपते.

आपल्याकडच्या वादाला लागू पडेल असा हिशेब मला ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या २०११ च्या अहवालात सापडतो. एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या तुलनेत, हवामानबदलाच्या दृष्टीने, सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. प्रत्येक प्लास्टिक पिशवी पुन्हा कचऱ्याच्या डब्याला वापरली असे धरले, तर हाच आकडा ३२७ होतो. १३१ फेऱ्या म्हणजे सव्वा वर्ष. मांजरपाटाच्या बऱ्या शिवणीच्या पिशवीला सव्वा वर्ष काहीच नाही. मग अडचण कुठे आहे?

अडचण आहे ती पिशव्यांच्या संख्येत. हे पत्र लिहिण्यापूर्वी मी घरातल्या पिशव्या मोजल्या. एकूण ३४ निघाल्या. त्यांतल्या १२ नव्या सुती कापडाच्या, लग्नांत, सत्कारांत, बँकेच्या आणि पतसंस्थेच्या कार्यक्रमांत मिळालेल्या. १९ दुकानांतून आलेल्या, ज्यांना सगळे कापडी म्हणतात त्या. आणि ३ घरी शिवलेल्या. मंडईत जातात त्या या शेवटच्या तीन. मी उद्यापासून त्या बाराही सुती पिशव्या न्याय्यपणे पाळीपाळीने वापरायच्या ठरवल्या, तरी प्रत्येकीच्या वाट्याला वर्षाला आठ-नऊ फेऱ्या येतील आणि १३१ पूर्ण व्हायला पंधरा वर्षे लागतील. तोपर्यंत आणखी किती सत्कार होतील, याचा विचारही करवत नाही. एक पिशवी वाटणे हे पर्यावरणाचे काम असू शकते. ज्याच्या घरी आधीच बारा आहेत त्याला तेरावी देणे म्हणजे कापसाची आणि पाण्याची नासाडी आहे.

त्या १९ पिशव्यांबद्दल स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे, कारण लोकांची सर्वांत मोठी फसगत तिथे होते. साड्यांच्या, मिठाईच्या आणि चपलांच्या दुकानांतून मिळणारी, हाताला कापडासारखी लागणारी रंगीत पिशवी कापडाची नसते. तिला नॉन-वोव्हन म्हणतात आणि ती पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच असते. कापडात उभा आणि आडवा धागा असतो, काठाला ओढला तर निघतो. नॉन-वोव्हनमध्ये विणकाम नसतेच. प्लास्टिकचे बारीक तंतू उष्णतेने एकमेकांना चिकटवलेले असतात. शंका असल्यास एक तुकडा मोकळ्या जागी चिमट्यात धरून काडी लावावी. सूत जळून त्याची राख होते आणि जळक्या कागदासारखा वास येतो. नॉन-वोव्हन आक्रसते आणि वितळून त्याची कडक गोळी होते. केंद्राच्या २०२१ च्या दुरुस्त नियमांत अशी पिशवी किमान ६० जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला ६० ग्रॅम वजनाची असावी, अशी अट घातली आहे. ती नीट पाळली आणि पिशवी पुनःपुन्हा वापरली, तर ती वाईट नाही. ब्रिटनच्या त्याच अहवालात तिचा आकडा केवळ ११ आहे. प्रत्यक्षात बाजारातल्या कितीतरी पिशव्या तिसऱ्या-चौथ्या खेपेला बंदापाशी फाटतात, उन्हात ठेवल्या तर त्यांचा भुगा होतो आणि तो भुगा मातीत मिसळतो. दुकानदार तिला कापडी म्हणून देतो, गिऱ्हाईक कापडी म्हणून घेते, आणि दोघांनाही आपण प्लास्टिक टाळल्याचे समाधान मिळते.

जाडीच्या नियमांचेही असेच आहे. राज्याने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या हातपिशव्यांवर बंदी घातली आणि पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड ठेवला. केंद्राने किमान जाडी आधी ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन केली (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). जाड पिशवी टिकते, लोक ती जपून ठेवतात आणि भंगारात तिला किंमत येते, हा त्यामागचा विचार रास्त आहे. पण त्याच आकाराच्या ५० मायक्रॉनच्या पिशवीपेक्षा १२० मायक्रॉनच्या पिशवीत जवळजवळ अडीचपट प्लास्टिक असते. तीही एकदाच वापरून फेकली, तर आपण कमावले काय? आज सर्वत्र दिसणारी बंदांची प्लास्टिक पिशवी ज्या स्वीडिश अभियंत्याने, स्टेन गुस्ताफ थुलिन यांनी, १९६० च्या दशकात बनवली, ते स्वतः एक पिशवी घडी करून खिशात बाळगत आणि पुनःपुन्हा वापरत, असे त्यांच्या मुलाने सांगितले आहे. कागदी पिशव्यांसाठी झाडे तुटू नयेत, हा त्यांचा हेतू होता. बाकीच्या जगाने पिशवी घेतली आणि खिशातली घडी तेवढी सोडून दिली.

घरी शिवलेल्या ज्या तीन पिशव्यांचा उल्लेख वर केला, त्यांतली एक माझ्या जुन्या पँटची आहे आणि दोन सोलापुरी चादरीच्या. पँटची पिशवी अकरा वर्षांची आहे. तिचे बंद दोनदा बदलले. तिच्यासाठी नवा कापूस पिकला नाही की नवे पाणी रंगले नाही, कारण ते कापड आपले आयुष्य एकदा जगून झाले होते. परदेशी अभ्यासांतले सगळे आकडे नव्या कापडाच्या पिशवीचे आहेत. जुन्या कापडाच्या पिशवीला ते लागूच होत नाहीत. आमच्या गावात कटपीस आणि चिंधी वजनावर विकली जाते, घरोघरी शिलाई यंत्रे आहेत, बचत गट आहेत. ज्या संस्थांना पिशव्या वाटल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांनी नवे तागे फाडण्याऐवजी हे कापड वापरावे. त्याहून बरे म्हणजे मंडईच्या दाराशी दहा-वीस रुपये अनामत घेऊन पिशवी द्यावी आणि परत आणली की पैसे परत करावेत. सोड्याच्या बाटल्यांचा व्यवहार असाच चालत असे. घरून पिशवी न्यायला विसरणे हे प्लास्टिक खपण्याचे सर्वांत मोठे कारण आहे, आणि नवी पिशवी भेट दिल्याने विसराळूपणा जात नाही. मीही दोनदा विसरलो, तेव्हापासून एक पिशवी स्कूटरच्या डिक्कीत कायमची ठेवली आहे.

आपल्या वार्ताहरांनाही एक विनंती आहे. पिशवीवाटपाची बातमी देताना पिशवी सुती आहे की नॉन-वोव्हन, हे विचारून छापावे. तसेच आपल्या दैनिकाच्या वर्धापनदिनी वाचकांना कापडी पिशवी भेट देण्याचा विचार असल्यास माझे नाव कृपया यादीतून वगळावे. माझ्याकडे एकतीस शिल्लक आहेत.

कळावे,
आपला नम्र,
एक वाचक, इचलकरंजी