पोरांची टोळी होते, तेव्हा तिला पहिले काम कोण देते? गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : छत्रपती संभाजीनगरच्या गुंठेवारी वसाहतींत वाढलेल्या तरुणांच्या टोळ्या आणि त्यांना कामाला लावणारी प्रौढ माणसे.

महोदय,

९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि मराठवाड्यातील गुन्हेगारीची चर्चा विधिमंडळापर्यंत गेली. खंडणी आणि मकोका (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा कायदा) हे शब्द त्यानंतर गावोगावच्या पारावर ऐकू येऊ लागले. ती चर्चा आवश्यकच होती, पण ती मोठ्या नावांभोवती फिरत राहिली. मी ज्या टोळ्यांविषयी लिहीत आहे त्यांचे नाव वर्तमानपत्रात क्वचितच येते. ते दुचाकीच्या नंबरप्लेटवर आणि चौकातल्या वाढदिवसाच्या बॅनरवर असते. त्यांतील काही मुले माझ्या शाळेतून दहावी झाली आहेत आणि काही दहावीपर्यंत पोहोचलीच नाहीत. वाळूजलगतच्या वसाहतींत मी नोकरीची बरीच वर्षे काढली, म्हणून या टोळ्या कशा उभ्या राहतात ते जवळून पाहता आले.

या वसाहतींचा जन्म समजून घेतल्याशिवाय टोळ्यांचा जन्म समजणार नाही. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला, त्यामागोमाग सुटे भाग बनवणारे छोटे-मोठे उद्योग आले आणि बीड, जालना, परभणीकडची कोरडवाहू कुटुंबे कामाच्या शोधात येथे उतरली. त्यांना परवडेल असे घर ना सिडकोत होते ना औद्योगिक वसाहतीत. शेतकऱ्यांनी आणि मधल्या दलालांनी शेते गुंठ्यागुंठ्याने विकली. वीस बाय तीसचा प्लॉट, शंभर रुपयांच्या बॉन्डवर दोन साक्षीदारांच्या सह्या, आणि झाला व्यवहार. तुकडेबंदीच्या १९४७ च्या कायद्यामुळे अशा तुकड्याची रजिस्ट्री होत नसे. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने आधीची बांधकामे नियमित करण्याची वाट उघडली आणि २०२१ च्या दुरुस्तीने ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. पण नियमितीकरणाचे शुल्क भरणे ज्यांना जमले नाही त्यांच्या हाती आजही तो बॉन्डच आहे.

आता एकच प्लॉट दोघांना विकला गेला असेल तर काय होते, ते आपण कोणत्याही पोलीस ठाण्यात बसून पाहू शकता. तक्रारदाराला सांगितले जाते की बाब दिवाणी आहे, कोर्टात जा. कोर्टात वर्षे जातात, आणि ज्याने कंपनीतल्या ओव्हरटाइमचे पैसे साठवून तो तुकडा घेतला त्याच्याकडे तेवढी वर्षे नसतात. अशा वेळी एखादा प्लॉटिंगवाला किंवा माजी पदाधिकारी सल्ला देतो, ‘पोरं लावा.’ आठ-दहा मुले रात्री जाऊन पत्र्याचे शेड टाकतात, दोन दिवस तेथेच बसून राहतात आणि ताबा होतो. मुलांना जेवण, पेट्रोल आणि थोडे रोख पैसे मिळतात. माझ्या मते टोळीची खरी जन्मवेळ हीच आहे, कारण आपल्या नुसत्या उभे राहण्यालाही बाजारात किंमत आहे, हे त्या मुलांना त्या रात्री कळते.

त्याआधी ती टोळी नसते, हे मी आग्रहाने सांगेन. ती टेनिस बॉलच्या क्रिकेटची टीम असते, गणपतीची आणि जयंतीची वर्गणी काढणारे मंडळ असते. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, ज्यांच्या घरातली माणसे दवाखान्याच्या दारातही जायला घाबरत होती, त्यांच्यासाठी अशीच पोरे दुचाकीवर औषधे शोधत फिरली. चौकात उभ्या असलेल्या प्रत्येक घोळक्याला टवाळखोर ठरवून पोलिसांनी दोन काठ्या माराव्यात, हा मध्यमवर्गीय आवडीचा उपाय मला कधीच पटलेला नाही. बहुतेक मुले चाकणला किंवा येथल्याच कंपनीत लागली, लग्ने झाली, की असे गट आपोआप विरतात.

जे विरत नाहीत त्यांना दुसरे काम मिळालेले असते, आणि ते बहुधा वसुलीचे असते. बँका आणि वित्तसंस्थांच्या वसुली प्रतिनिधींनी सकाळी आठपूर्वी आणि सायंकाळी सातनंतर कर्जदाराला फोनही करू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावले आहे. पण वस्तीतला हातउसना व्यवहार रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येतच नाही. महिना दहा टक्क्यांनी पैसे देणाऱ्याकडे परवाना नसतो. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमाखाली त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, तरी त्याचा धंदा भरवस्तीत चालतो. हप्ता थकला की त्याची पोरे दारात येतात, शिवीगाळ करतात, मोटारसायकल ओढून नेतात. कर्जदार तक्रार करत नाही, कारण त्याला पुन्हा पैसे लागणार असतात. तक्रार नाही म्हणून गुन्हा नाही, आणि गुन्हा नाही म्हणून ठाण्याच्या दप्तरी ती टोळीही नाही.

तिसरे काम राजकारण देते. त्याविषयी फार लिहीत नाही, कारण ते आपणांस माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असणार. मिरवणुकीला गर्दी लागते, प्रचाराला दुचाकीस्वार लागतात, आणि त्याच्या बदल्यात मुलांना बॅनरवर नेत्याच्या फोटोखाली आपला फोटो मिळतो. विनापरवानगी बॅनर हा १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियमाखाली गुन्हा आहे. भर रस्त्यात तलवारीने केक कापणे शस्त्र अधिनियमाच्या कलम ४/२५ मध्ये बसते, आणि व्हिडिओ पसरल्यावर तसे गुन्हे नोंदलेही जातात. मात्र त्या केकचे, डीजेचे आणि बॅनरचे पैसे कोणी दिले, हा प्रश्न पोलीस विचारतात असे मी ऐकलेले नाही.

यानंतरचा टप्पा सर्वांत वाईट, कारण येथे टोळीला मालकाची गरज उरत नाही. तिचे स्वतःचे उत्पन्न सुरू होते : हातगाड्यांचा हप्ता, कंपन्यांच्या भंगाराच्या ठेक्यावर दादागिरी, आणि आमच्या शहरात ज्याला ‘बटन’ म्हणतात त्या नशेच्या गोळ्यांची विक्री. नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम यांसारखी औषधे २०१४ पासून अनुसूची ‘एच-१’ मध्ये आहेत. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि विक्रेत्याला त्यांची वेगळी नोंदवही तीन वर्षे जपावी लागते. त्यामुळे मुलाच्या खिशात पाकिटे सापडली की त्यांवरचा बॅच क्रमांक धरून वितरकापर्यंत आणि दुकानापर्यंत माग काढणे अशक्य नाही. तरी बातमीत फोटो येतो तो बहुधा त्या मुलाचाच.

याच टप्प्यावर वय मोजले जाऊ लागते. जोखमीचे काम सतरा वर्षांच्या मुलाकडे दिले जाते, ‘तू लहान आहेस, तुला काही होत नाही,’ असे सांगून. हे सांगणारा पंचवीस-तीस वर्षांचा असतो आणि त्याला कायदा आपल्यापुरता नीट कळलेला असतो. हे सारे ऐकून अनेकजण म्हणतात की अल्पवयीन ठरवणारी वयाची मर्यादाच खाली आणा. मला ते मान्य नाही; सोळाची मर्यादा केली तर चौदाचा मुलगा पुढे केला जाईल, आणि पुढे करणारा तेथेच राहील.

महोदय, शासनाकडे कठोर कायदे कमी नाहीत. पण ते उशिरा लागू होतात. मकोका लावण्यासाठी मागील दहा वर्षांत एकाहून अधिक दोषारोपपत्रे दाखल असावी लागतात. धोकादायक व्यक्तींना आवर घालणाऱ्या १९८१ च्या एमपीडीए कायद्याने एखाद्याला वर्षभर स्थानबद्ध करता येते, तेही त्याची दहशत बसल्यावर. तडीपारीचा अनुभव तर असा की येथून हद्दपार झालेला मुलगा जालन्याला जाऊन नव्या ओळखी करतो आणि अंधार पडल्यावर घरी जेवायला येतो. हर्सूल कारागृहातून सुटणाऱ्याचे स्वागत दुचाकींच्या रांगेने होते आणि त्याचे रील शाळेतली मुले पाहतात. म्हणजे आपण शिक्षा देतो तेव्हा ती त्याच्या वस्तीत पदवी म्हणून मिरवली जाते.

याउलट, ज्या तरतुदी सुरुवातीलाच उपयोगी पडाव्यात त्यांचा उल्लेखही होत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ८३(२) नुसार बेकायदा कामासाठी मुलांचा वापर करणाऱ्या प्रौढास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ९५ त्याहून पुढे जाते : गुन्ह्यासाठी मुलाला कामाला लावणाऱ्यास किमान तीन आणि कमाल दहा वर्षे कैद, आणि मुलाने तो गुन्हा केलाच तर लावणाऱ्याने स्वतः केल्याप्रमाणे शिक्षा. इतकेच नव्हे, तर २०१६ च्या बाल न्याय आदर्श नियमांत पोलिसांनी भरावयाच्या सामाजिक पार्श्वभूमी अहवालात या मुलाचा वापर टोळीने अथवा प्रौढांनी केला आहे काय, असा रकानाच दिलेला आहे. तो ‘नाही’ असा एक शब्द लिहून उरकता येतो, आणि माझी खरी तक्रार त्या एका शब्दाविषयी आहे.

म्हणून माझी विनंती अशी की, मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत कलम ८३(२) आणि कलम ९५ खाली आजवर किती गुन्हे दाखल झाले, किती प्रकरणांत दोषारोपपत्र गेले आणि किती प्रौढांना शिक्षा झाली, हे आकडे ठाणेनिहाय विधिमंडळाच्या पटलावर ठेवावेत. विधिसंघर्षग्रस्त (म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या) बालकाच्या प्रत्येक प्रकरणात हत्यार, वाहन, गोळ्या आणि पैसे कोणाकडून आले याचा तपास झाल्याशिवाय अहवाल स्वीकारू नये, असे आदेश पोलीस आयुक्त व अधीक्षकांना द्यावेत. प्लॉटच्या ताब्याची तक्रार आली आणि जागेवर आठ-दहा पोरे बसलेली दिसली, तर मालकीचा वाद दिवाणी असला तरी तो जमाव दिवाणी नाही, हेही ठाणेदारांना लेखी कळवावे. त्या पोरांना कोणी बसवले त्याचे नाव पहिल्याच दिवशी स्टेशन डायरीत आले, तर पुढच्या ताब्याला पोरे लावण्यापूर्वी तो माणूस थोडा विचार करील.

मी आता निवृत्त असले तरी कोणत्याही चौकशी अधिकाऱ्यासमोर हे सारे सांगण्यास तयार आहे. आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मुख्याध्यापिका,
वाळूज परिसर, छत्रपती संभाजीनगर