बाबा, मी कॅमेरा ठेवला

ति. आई-बाबांना सा. न. वि. वि.

आई, मागच्या खेपेला तू विचारलंस, फोन सारखा उजव्याच कानाला का धरतेस? मी हसून विषय बदलला. खरं सांगते. 2017 साली इराकमध्ये मोसुलच्या लढाईत अगदी जवळ स्फोट झाला, तेव्हापासून डाव्या कानानं कमी ऐकू येतं. दुखत नाही, वाढतही नाही. डॉक्टरांना दाखवून झालंय. रडू नकोस.

पण युद्धाचे फोटो काढायचं काम सोडून टीव्ही मालिकेचं दिग्दर्शन घेतलं, ते कानामुळे नव्हे. बाबा, हे तुमच्यासाठी लिहितेय. मालिका लागली की तुम्ही उठून गॅलरीत जाता. माझ्या फोटोंची कात्रणं वहीत डकवलीत तुम्ही. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाईबाई व्यारावाला आपल्या बडोद्यात राहतात, हे तेव्हा सांगत पहिला कॅमेराही तुम्हीच हातात दिलात. त्यांनी 1970 साली कॅमेरा खाली ठेवला तो कायमचा, हेसुद्धा तुमच्याकडूनच कळलं होतं.

मोसुलच्या जुन्या शहरातल्या गल्ल्या आपल्या मांडवीच्या पोळांसारख्या, गाडी शिरणार नाही इतक्या अरुंद. तिथं एका दारात एक आजी बसली होती, हातात किल्ल्यांचा जुडगा. दारामागं घर उरलंच नव्हतं. मी फोटो काढला आणि सैनिकांच्या मागोमाग निघून गेले. तिचं पुढं काय झालं, ठाऊक नाही. अशी किती माणसं मी अर्ध्यावर टाकून आले, बाबा! मालिकेत त्याच माणसांकडं रोज परत जावं लागतं. तीन कॅमेरे असतात, बारा-बारा तास शूटिंग चालतं, पण दारात बसलेली बाई आत का जात नाही, हे दिग्दर्शकाला शोधावंच लागतं. मला ते शोधायचंय. हलकं काम नाही हो हे.

आणि 16 जुलै 2021. अफगाणिस्तानात स्पिन बोल्दाकला आपले वृत्तछायाचित्रकार दानिश सिद्दिकी मारले गेले. मी तेव्हा दिल्लीत, घरातच होते, तरी आई रात्रभर देवापाशी बसून होती. तेही मनात होतंच.

करारावर सही केली आहे. ठाण्याला घोडबंदर रोडवर घर घेतलंय भाड्यानं. हवेशीर आहे, पाणी येतं, पोळीभाजीचा डबा येतो. रात्री बूट काढून झोपते, आई. बडोद्याला राहायला यायचं मात्र इतक्यात जमणार नाही. पण बोरिवलीहून रात्री गाडीत बसलं की पहाटे घरी.

बाबा, मोतीबिंदूचं आता पुढं ढकलायचं नाही. डॉक्टरांशी बोलून तारीख घेतलीय, त्या दिवशी मी तिथं आहे. तोवर दांडियाबाजारात स्कूटर न्यायची नाही, रिक्षा करायची. सूरसागरच्या काठी गणपती दिसावेत म्हणून मला खांद्यावर घ्यायचात, तेव्हा मी तुमचे केस घट्ट धरायचे. आता तुम्ही माझा हात धरा. आई, साखरेची गोळी चुकवू नकोस, उपवासाच्या दिवशीसुद्धा.

येताना काही आणत नाही. तू वरणभात कर. आणि जेवताना माझ्या उजव्या बाजूला बस.

तुमची,
मनू