वर्गणीच्या सिलिंडरची तारीख बघा

मा. संपादक,

एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या लाटेत, आमच्या अशोक चौक भागात ऑक्सिजनसाठी वर्गणी काढली, तेव्हा जमाखर्चाची वही माझ्याकडे होती. यंत्रमाग बंद, हाताला काम नाही. तरी विड्या वळणाऱ्या एका मावशींनी पदराची गाठ सोडून पन्नासच्या दोन नोटा काढल्या. घामाने ओलसर झालेल्या. "नाव नको, नुसता आकडा लिही," म्हणाल्या.

त्या पैशांतून ५ जम्बो सिलिंडर घेतले. एका जम्बोत साधारण ७ घनमीटर, म्हणजे ७००० लिटर ऑक्सिजन. मिनिटाला ५ लिटर लावला तर जेमतेम २३ तास. १० लिटर लागला की रात्री जोडलेला सकाळी बदलायचा. हे गणित गल्लीतल्या पोरांनाही पाठ झालं होतं. सिलिंडर दारात आणि ऑक्सिजन बेताने सोडणारा रेग्युलेटर नाही म्हणून एक अख्खी रात्र वाया गेली. ते आजही सलतं.

आता ते पाचही मंडळाच्या खोलीत मांडवाच्या बांबूंमागे धूळ खात आहेत. अशा सिलिंडरची दर ५ वर्षांनी दाबचाचणी, म्हणजे तो अजून दाब सोसतो का याची तपासणी, करावी लागते. तारीख त्याच्या खांद्यावर ठोकलेली असते. ती उलटली की भरून मिळत नाही. ज्या मंडळांनी, ज्ञातिसंस्थांनी तेव्हा सिलिंडर घेतले, त्यांनी ते बाहेर काढून तारीख बघावी. महापालिकेने चाचणीची एकत्र सोय करावी, ही कळकळीची विनंती.

वही माझ्याकडे जपून आहे. कुणालाही हिशेब बघायला मिळेल.

– एक यंत्रमाग कामगार, सोलापूर