ती खळ नव्हती, मंत्रिमहोदय

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय: मोफत गणवेशाच्या कापडातलं फॉर्मल्डिहाइड हे रसायन

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी घरी शिलाईकाम करते. जूनच्या तोंडावर गणवेशाचं काम आलं की दिवसभर एकच तागा हाताखाली असतो. गेल्या वर्षी एका ताग्याची घडी उलगडली आणि डोळ्यांतून पाणीच आलं. शिवणीवर गरम इस्त्री फिरवली की तोच झोंबरा वास वर यायचा. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "ताई, खळ आहे. एका धुण्यात जाईल."

त्याच कापडाचा शर्ट माझ्या तिसरीतल्या मुलीने घातला. चार-पाच दिवसांत मानेवर कॉलर घासते तिथे, काखेच्या कडेला आणि कमरेवर लाल चट्टे उठले. रात्री झोपेत खाजवून रक्त काढायची. आम्ही घामोळं समजून पावडर लावत बसलो. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी पाठीवर चाचणीच्या पट्ट्या चिकटवल्या. दोन दिवसांनी काढल्या, तेव्हा फॉर्मल्डिहाइडच्या पट्टीखालची जागा लाल होऊन सुजली होती.

खळ पाण्यात निघून जाते. हे वेगळं आहे. सुती किंवा टेरिकॉट कापडाला सुरकुत्या पडू नयेत म्हणून त्यावर रेझिन, म्हणजे राळेसारखा थर, चढवतात, आणि ते फॉर्मल्डिहाइडपासून बनतं. धुतल्यावर मोकळं रसायन बरंचसं जातं, पण घामाने आणि उष्णतेने रेझिनमधून ते थोडंथोडं सुटत राहतं. मार्चमध्ये पत्र्याखालच्या वर्गात बसणाऱ्या मुलांना घामाबद्दल काय सांगायचं?

जपानने १९७३ मध्येच कायदा केला. दोन वर्षांखालच्या बाळांच्या कपड्यांत हे रसायन आढळताच कामा नये, मोठ्यांच्या आतल्या कपड्यांत ७५ पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ७५ भागांच्या, आत हवं. युरोपीय संघाने नोव्हेंबर २०२० पासून अंगाला लागणाऱ्या कपड्यांना हीच ७५ची मर्यादा घातली. तिकडे माल पाठवायचा तर आपल्या गिरण्यांनाही ती पाळावीच लागते. म्हणजे असं कापड आपल्याला करता येतं! आपला इकोमार्क, म्हणजे पर्यावरणाला जपणाऱ्या मालावरची सरकारी खूण, मात्र ऐच्छिक.

सगळ्या बाजाराला नियम लावणं केंद्राच्या हातात आहे, हे मला कळतं. पण पहिली ते आठवीच्या मुलांचे दोन गणवेश तुमच्या खात्याच्या योजनेतून येतात. जे मिळेल ते अंगावर चढवायचं, एवढंच त्या मुलांच्या हातात असतं. म्हणून गणवेशाच्या शासन निर्णयात एक अट घाला: कापडात फॉर्मल्डिहाइड ७५ पीपीएमच्या आत, आणि चाचणीचा दाखला कापडासोबत. चाचणी अवघड नाही. तिचं भारतीय मानकही आहे, आयएस १४५६३. एक ग्रॅम कापड ४० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतात, मग त्या पाण्यात एक द्रावण घालतात. रंग जितका पिवळा, तितकं फॉर्मल्डिहाइड जास्त.

यंदा मी कापड दोनदा धुऊन, वाळवून मगच कात्री लावली. शंभर शर्टांचं कापड असं धुणं मला एकटीला जमण्यासारखं नाही. पुढच्या जूनचं कापड घेण्याआधी हा निर्णय व्हावा, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
गणवेश शिवणारी एक आई