तहानलेल्या झाडांच्या ‘किंकाळ्या’

महोदय,

पाणी न मिळालेली झाडे ‘किंकाळ्या फोडतात’ असे सांगणारा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. वनस्पतिशास्त्राला वर्तमानपत्रात जागा मिळते याचा आनंद आहे. मात्र त्या एका शब्दाखाली मूळ प्रयोगातले नवल झाकले गेले, म्हणून हे पत्र.

तेल अवीव विद्यापीठातील लिलाख हदानी यांच्या गटाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या संशोधनात टोमॅटो आणि तंबाखूच्या रोपांजवळ श्राव्यातीत ध्वनी टिपणारे मायक्रोफोन ठेवले होते. पाणी तोडलेल्या किंवा खोड कापलेल्या रोपांतून तासाला साधारण ३० ते ५० आवाज आले, तर निरोगी रोपांतून तासाला सरासरी एकाहूनही कमी. हे आवाज प्रामुख्याने ४० ते ८० किलोहर्ट्झचे, म्हणजे आपल्या कानांच्या आवाक्याबाहेरचे. जी ध्वनिफीत सर्वांना ऐकवली जाते ती कंपनसंख्या उतरवून तयार केलेली आहे आणि तीही लाह्या फुटल्यासारखी वाटते. जलवाहिन्यांतील पाण्यावरचा ताण वाढला की तेथे हवेचे बुडबुडे धरतात व फुटतात, तोच बहुधा या आवाजांचा उगम असावा. रोप तहानलेले आहे की कापलेले, हे केवळ आवाजावरून संगणक सुमारे ७० टक्के वेळा अचूक ओळखू शकला. गहू, मका आणि द्राक्षवेलीचेही असे आवाज नोंदले गेले आहेत. ठिबकच्या पाळ्या अंदाजाने ठरवणाऱ्या बागायतदाराला याचे मोल अधिक कळेल.

अळीने पान कुरतडताच झाडाला ‘वेदना’ होते, हे लेखातील दुसरे विधान. वनस्पतिशास्त्रज्ञ मासात्सुगु तोयोता आणि सायमन गिलरॉय यांनी २०१८ मध्ये दाखवले ते असे: मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिसच्या रोपात, जेलीफिशच्या चमकणाऱ्या प्रथिनापासून बनवलेला, कॅल्शियम वाढले की उजळणारा दर्शक घातला, तेव्हा जखमेपासून निघालेली कॅल्शियमची लाट सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर वेगाने दूरच्या पानांकडे जाताना प्रत्यक्ष दिसली. जखमेतून पाझरलेले ग्लुटामेट हे अमिनो आम्ल ही लाट उठवते, आणि ते ओळखणारी ठरावीक प्रथिने नसलेल्या रोपांत ती दूरवर पोहोचत नाही. आपल्या मज्जासंस्थेतही ग्लुटामेट संदेश पोहोचवते, त्यामुळे तुलनेचा मोह होणारच. पण रोपाला ना मज्जापेशी, ना मेंदू.

पुढील लेखांत ‘किंकाळी’ऐवजी साधा ‘आवाज’ हा शब्द योजावा, एवढीच विनंती.

आपली,
एक निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षिका, सातारा