अग्निशमन कराबद्दल

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, फोनवर तुम्ही विचारलंत, "मिळकतकराच्या बिलात अग्निशमन कर कशाला? आग लागलेली नसताना पैसे कसले?" तेव्हा गडबडीत नीट बोलता आलं नाही. पण खराडीच्या ऑफिसात मी दिवसभर सिडनीच्या घरांच्या पॉलिसी बघतो, आणि तिथे हेच पैसे वेगळ्या वाटेने घेतात, म्हणून लिहितोय.

सिडनी ज्या राज्यात आहे, त्या ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये अग्निशमन आणि आपत्कालीन सेवांच्या खर्चातला ७३.७ टक्के वाटा विमा कंपन्यांकडून वसूल होतो. कंपन्या तो लोकांच्या प्रीमियमवर चढवतात. त्यावर जीएसटी, आणि या सगळ्या रकमेवर पुन्हा मुद्रांक शुल्क! विमा उतरवणारा बंबाचा खर्च भरतो. न उतरवणाऱ्याच्या दारातही तोच बंब जातो. जायलाच हवा, त्याबद्दल तक्रार नाही. पण प्रीमियम झेपत नाही म्हणून लोक विम्याची रक्कम कमी करतात, नाहीतर पॉलिसीच सोडतात, आणि उरलेल्यांच्या माथी जास्त पडतं. स्वतःच्या घराची काळजी घेणाऱ्यालाच दंड बसावा, हे मला पटत नाही.

शेजारच्या व्हिक्टोरियात ७ फेब्रुवारी २००९ च्या वणव्यांत १७३ माणसं गेली. चौकशी आयोगाने विम्यावरचा हा आकार काढायला सांगितला. १ जुलै २०१३ पासून तिथे तो मिळकतींवर बसतो, स्थानिक पालिकेच्या बिलातून. न्यू साउथ वेल्सनेही २०१७ साठी तशी तयारी केली होती. काही व्यावसायिकांची बिलं फार वाढतील म्हणून ऐनवेळी लांबणीवर टाकली.

म्हणून बाबा, पुण्याच्या बिलातली ती ओळ मला योग्य वाटते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा अग्निशमन दलाचे जवान पाण्यात उतरून माणसं काढत होते. ती तयारी पूर येण्याआधीच्या पैशातून होते. त्या कराचा पैसा गाड्यांवर आणि माणसांवरच खर्च होतोय ना, हे मात्र आपण विचारत राहायला हवं.

आता वाईच्या घराचं. कर भरला तरी जळालेलं, भिजलेलं भरून देणारा विमाच. आपल्याकडे त्यावर असा वेगळा आकारही नाही, जीएसटी तेवढा. 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत आग, पूर, भूकंप तिन्ही येतात. जागेची किंमत धरत नाहीत, घर पुन्हा बांधायचा खर्च धरतात. आई, तुझे दागिने वेगळे नोंदवावे लागतील, यादी करून ठेव. बाबा, घराचा उतारा आणि बांधकामाचं क्षेत्रफळ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. कृष्णेचं पाणी चढायच्या आत, पावसाळ्यापूर्वीच पॉलिसी काढू. पहिला हप्ता मी भरतो, नाही म्हणू नका.

तुमचा,
अभय