आबा, 'कोणी केलं?' याचं खरं उत्तर

ती. स्व. आबांना,
शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमच्याशी बोलते ती मालवणीत, पण लिहायला बसलं की शाळेतली भाषाच हाताला येते. तुमची नात हे पत्र तुम्हाला वाचून दाखवील. चारचौघांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण चूकही मी चारचौघांतच केली.

शिमग्याच्या तिसऱ्या रात्री माझं सोंग मांडावर, म्हणजे गावाच्या शिमग्याच्या जागी, आलं, तेव्हा मुंबईहून आलेल्या एका चाकरमान्याने मोबाईल पुढे धरून विचारलं, "कोणी बनवलं हे?" मी हेल्मेटची काच वर केली आणि म्हटलं, "मीच. घरी." तुम्ही दोन हातांच्या अंतरावर उभे होता, हात मागे बांधून. काही बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी शेडवर येऊन मी विषय काढला, तर म्हणालात, "तुझाच काम ता. मी नुसता फायबर लावलंय."

नुसतं फायबर नव्हतं, आबा. म्हणून पहिल्यापासून सांगते.

माझ्या डोक्यात एक बाई होती. तीनशे वर्षांनी आपला किनारा पाण्याखाली गेलाय, माणसं समुद्रतळाशी वस्ती करून राहतायत, आणि ही त्या वस्तीची रखवालदार. तिचं चिलखत मला अंगावर घालून चालायचं होतं. चित्रं काढून दोन वह्या भरल्या होत्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात थर्माकोलचं हेल्मेट कोरून पुरं केलं, हार्डवेअरच्या दुकानातून रेझिन, म्हणजे सुकून कडक होणारा चिकट द्रव, आणलं आणि पडवीत बसून ब्रशने लावायला घेतलं. पाच मिनिटांत हेल्मेटचा कपाळाकडचा भाग आत बसला. मग गाल गेले. पंधरा दिवसांचं कोरीवकाम माझ्या डोळ्यांसमोर चिकट लगदा होऊन गेलं.

तो लगदा पिशवीत घालून मी दांडीच्या किनाऱ्यावर तुमच्या शेडमध्ये आले. दिवस बंदीचे होते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, म्हणजे सगळ्यांच्या होड्या वर ओढलेल्या आणि तुमच्या मागे होड्यांच्या दुरुस्तीसाठी सगळ्या गावाची घाई. ताडपत्रीवर पाऊस वाजत होता. एका पातीच्या, म्हणजे लहान होडीच्या, तळाशी तुम्ही उकिडवे बसला होता. पिशवी उघडून नुसता वास घेतलात. "थर्माकोलार रेझिन घातलंस? ता थर्माकोलाक खातला."

नंतर मी वाचलं तेव्हा कळलं. पॉलिस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं, आणि थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन. स्टायरीनमध्ये ते विरघळतंच. तुम्हाला ही नावं ठाऊक नसतील, पण काय कशाला खातं हे तुम्हाला तीस वर्षांपासून माहीत आहे. "कित्या गो रडतस?" असं विचारून तुम्ही मला उपड्या बादलीवर बसवलंत आणि हातातलं काम पुरं करेपर्यंत बघत राहायला सांगितलंत. त्या दुपारी मी जे बघितलं, त्यावर माझं सगळं चिलखत उभं आहे.

गणपतीच्या शाळेतून शाडू आणायला तुम्हीच सांगितलंत. मातीचं डोकं मी घडवलं. त्यावरून दोन भागांत प्लास्टरचा साचा तुम्ही काढून दिलात. पावसाळ्यात तो सुकता सुकेना, तेव्हा तुमच्या घरच्या काकींनी तो चुलीमागे ठेवून घेतला आणि बारा दिवस रोज फिरवला. ओल राहिलेल्या साच्यावर फायबर नीट धरत नाही, हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. मग आतून लाखेचं पॉलिश, त्यावर मेणाचे चार हात, प्रत्येक हात कापडाने चकाकेपर्यंत घासलेला. मी तिसऱ्या हातालाच कंटाळले होते. साचा उघडताना हेल्मेट अलगद सुटून आलं, तेव्हा चौथ्या हाताचा अर्थ कळला.

रेझिन कालवायची तुमची रीत मी भिंतीवर लिहून ठेवली आहे. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट (रेझिन लवकर सुकवणारं द्रावण), ते नीट ढवळायचं, सगळीकडे सारखा रंग आला की मगच हार्डनर. किलोभर रेझिनला हार्डनर १० ते २० मिली, आणि उकाडा असेल तेव्हा कमीकडेच हात ठेवायचा. "दोनव एकदम कधी घालू नको. आग लागतली." हे सांगताना तुमचा आवाज चढला होता. तुम्ही माझ्यावर आवाज चढवलात तो तेवढा एकदाच. इथं लिहिते आहे ते मुद्दाम. माझ्यासारखं कोणी घरी करायला बसेल, त्याला दुकानात बाटल्या हातात पडतात, पण हे वाक्य कोणी सांगत नाही.

आणि मॅट, म्हणजे काचतंतूंची चादर. मी कात्री काढली, तर तुम्ही ती हातातून घेतलीत. "कातरलेली कड दिसता, फाडलेली कड मिसळता." मग पांढरी मॅट साच्यात बसवली आणि तुम्ही ब्रश माझ्या हातात दिलात. ब्रश फिरवायचा नाही, टेकवायचा. ठप, ठप, ठप. कोरडी मॅट कापसासारखी पांढरी असते. रेझिन पीत जाते तशी ती पारदर्शक होते, खालचा साचा दिसायला लागतो, आणि जिथे पांढरं राहिलं तिथे तुमचं बोट. "पांढरा दिसता थयसर वारो रवलो हा." मग रोलर. लहान दात्यांचा तो रोलर फिरवला की अडकलेली हवा चर्र करून बाहेर पडते. हनुवटीच्या वळणात एक नखाएवढा पांढरा ठिपका काही केल्या जाईना. तुम्ही तिथली मॅट दोन बोटांनी उचललीत, फाडलीत, नवा तुकडा बसवलात. तो चेहऱ्याच्या आतल्या बाजूला होता. कोणाला दिसणार नव्हता. पण तुम्ही तो सोडला नाहीत, आणि त्या दिवसापासून मलाही सोडता येत नाही.

सुकल्यावर तुम्ही खिशातून रुपयाचं नाणं काढून हेल्मेटवर सगळीकडे वाजवलंत, होडीच्या तळावर वाजवता तसं. ठण, ठण, ठण, आणि डाव्या कानशिलाशी एकदम बद्द. आतले दोन थर तिथे सुटले होते. तो भाग घासून काढून पुन्हा भरला. आता मी दुकानात हेल्मेट बघायला गेले तरी हात नाण्याकडे जातो.

मास्कचंही सांगायला हवं. तुम्ही तोंडाला पंचा बांधून काम करता. धूळ त्याने थोडी अडते, रेझिनची वाफ अडत नाही. म्हणून मी वाफ धरून ठेवणारी डबी लावायचे दोन मास्क मागवले, एक माझा, एक तुमचा. पहिले चार दिवस तुमचा खिळ्यालाच टांगलेला होता. पाचव्या दिवशी मी आले तेव्हा तो तुमच्या तोंडावर होता, आणि मी काही बोलले नाही, तुम्हीही नाही. आबा, तो रोज लावा. डब्या संपल्या की मी आणून देईन.

सगळंच चिलखत फायबरचं करायचं माझ्या मनात होतं. "मगे चलतलंस कशी?" असं विचारून तुम्ही तो हट्ट मोडलात. म्हणून हेल्मेट, खांदे आणि गुडघे फायबरचे, आणि बाकी धड ईव्हीए फोमचं. चपलेचे तळ करतात तोच हा फोम. लहान मुलांच्या खोलीत एकमेकांत अडकवायच्या मऊ चौकटी घालतात, त्याही त्याच्याच. मी १० मिलिमीटरचा आणला. हीटगनने तापवला की त्याची छिद्रं मिटतात, पृष्ठभाग गुळगुळीत होतो, आणि गरम असतानाच मांडीवर दाबून धरला तर तो वळण लक्षात ठेवतो. चिकटवायची युक्ती बाजारातल्या चांभारकाकांनी दाखवली. दोन्ही बाजूंना सोल्यूशन लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, मग एकदाच जोडायचं. त्यांचेही आभार इथेच मानते. मापासाठी आईने मला जुन्या साडीत गुंडाळून वरून चिकटपट्टी मारली, मागून कापून सोडवलं आणि आत चिंध्या भरल्या. माझ्याच अंगाची बाहुली तयार झाली. नेटवरची कागदी मापं पुरुषांच्या खांद्यांची असतात, ती मला कधीच बसली नसती.

तरी धड फसलं होतं. पुढून छान दिसायचं, पण घातलं की वाकता येत नव्हतं. बसायला गेले की छातीची पट्टी हनुवटीवर यायची. ऑक्टोबरात मी ते कपाटावर टाकून दिलं आणि तीन आठवडे शेडकडे फिरकले नाही.

मग त्या सकाळी तुमची हाक आली. शेजारच्या होडीच्या जाळ्यात, खडपाजवळ, एक शेवंड (लॉब्स्टर) आली होती. तुम्ही ती पाठीवर धरून माझ्यापुढे केलीत. "हिची पाठ बघ. कवच कडक, पण वाकता. कित्या?" मला सांगता आलं नाही. तुम्ही शेपटी हळूच दुमडलीत, उघडलीत, पुन्हा दुमडलीत. सहा पट्ट्या. प्रत्येक पट्टीची मागची कड पुढच्या पट्टीच्या डोक्यावर चढलेली. दुमडली की एकमेकींवरून सरकतात, उघडली की झाकून घेतात, फट कुठेच पडत नाही. मधे, आतल्या बाजूला, मऊ पातळ कातडी. बाजूला दोन ठिकाणी बिजागरीसारखी खुंटी, म्हणून पट्टी इकडेतिकडे सरकत नाही, एकाच दिशेने वळते. पाणी तिच्या मिशांवरून माझ्या हातावर ठिबकत होतं. पोटाखाली नारिंगी अंड्यांचा घोस होता. तो दिसल्यावर तुम्ही होडीवाल्याशी दोन शब्द बोललात आणि ती परत पाण्यात गेली.

घरी जाऊन मी धड कापलं. मनाला फार लागलं, पण कापलं. पोटाच्या जागी सहा पट्ट्या केल्या, एकीवर एक दोन बोटं चढणाऱ्या. आतून मधोमध एक आणि दोन्ही कडांना एकेक असे दप्तराच्या बंदाचे पट्टे चिकटवले. डिसेंबरमध्ये पहिल्यांदा ते अंगात घालून मी खाली वाकले आणि अंगणातली सुपारी उचलली. आई टाळ्या वाजवत होती. माझ्या डोळ्यांपुढे ती शेवंड होती.

रंग तुमच्याच होडीचा. डब्यात उरलेला निळा-हिरवा, आणि कडेला नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, असते ती तांबडी रेघ. त्याआधी वॉटरपेपरने पाण्यात घासणं, आधी २२० नंबरचा, मग ४००, मग ६००. ओलं घासलं की धूळ उडत नाही, तरी कोपरापर्यंत खाज सुटायचीच. तुम्ही ती खाज अंगावर घेऊन एवढी वर्षं काम करता, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. काचेवर वाफ धरायची, त्यावर तारकर्लीला स्कुबाच्या बोटीवर काम करणाऱ्या तुमच्या भाच्याने लहान मुलांच्या शाम्पूचा थेंब चोळायला सांगितलं, आणि ती अडचण तिथेच संपली. आत एक छोटा पंखा बसवला, तो पॉवरबँकेवर चालतो. सगळं मिळून साडेसात किलो झालं.

शिमग्यात ते घालून मी घरोघरी फिरले. आपल्याकडे सोंगं पिढ्यान्‌पिढ्या निघतात. राक्षस, साधू, वाघ येतात, नेरूरच्या रोंबाटात, म्हणजे तिथल्या शिमग्याच्या मिरवणुकीत, केवढाले हलते देखावे येतात. त्या रांगेत माझी समुद्रतळाची रखवालदार कशी दिसेल याची मला धास्ती होती. पण पोरं "शबय, शबय" करत, म्हणजे शिमग्याची बक्षिसी मागत, माझ्याच मागे लागली, एका आजीने गुडघ्याच्या कवचाला कुंकू लावलं, आणि ढोल वाजायला लागल्यावर मी त्या चिलखतात नाचले, आबा. सहाही पट्ट्या माझ्याबरोबर वाकत होत्या.

आणि मग तो प्रश्न आला, आणि मी "मीच" म्हणाले.

आता लिहून देते. चित्र माझं, फोमचं काम माझं, माप आईचं. हेल्मेट, खांदे आणि गुडघे दांडीवरच्या आबांच्या हातचे. धड वाकतं ते आबांच्या नजरेमुळे. साचा काकींनी सुकवला. ज्या चाकरमान्याने तो व्हिडिओ काढला, त्यालाही हेच कळवलं आहे, आणि त्याने व्हिडिओखाली ते घातलं आहे. हेल्मेटच्या आत, हनुवटीच्या त्या वळणात, जिथे तुम्ही पांढरा ठिपका सोडला नव्हता, तिथे तांबड्या रंगाने मी तुमचं नाव घातलं आहे. इथं लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. आत डोकावलात की दिसेल.

एक काम आहे. नाचताना उजव्या खांद्याची कड दगडावर आपटली. बाहेरून काही दिसत नाही, पण नाणं वाजवलं तर तीन बोटं जागा बद्द वाजते. घाई नाही. बंदी लागली, होड्या वर आल्या आणि तुमची आधीची कामं उरकली की घेऊन येते. मॅट आणि रेझिन मी आणते. रोलर मात्र तुमचाच हवा.

काकींना नमस्कार. नातीला आशीर्वाद.

तुमची,
बाय